कपासाठी सोडलेलं पाणी

गोल्फचा कप आपल्या घरात नसला तरी मधुकरला चाललं असतं. भैय्याजींच्या घरात असलेला मात्र त्याला पाहवत नव्हता.

सौसरजवळ गोल्फ कुठून आला म्हणाल, तर भैय्याजींच्या नागपूरच्या जावयानं जुन्या काठ्या दिल्या आणि मधुकरनं आपल्या संत्र्याच्या बागेत ओळींमधली जागा दिली. हिवाळाभर दर रविवारी चार दोस्तांचा सामना. जिंकेल त्यानं आठवडाभर कप घरी न्यायचा. शेवटच्या रविवारी जिंकेल त्याचा तो कायमचा. आता बाग मधुकरची, चहा मधुकरच्या बायकोचा आणि कपासोबतचे फोटो भैय्याजींचे. कोणाचंही डोकं फिरेल हो.

भैय्याजींचा फटका कधी उंच जातच नसे. चेंडू जमिनीवरून घरंगळत जाऊन खड्ड्यात पडायचा, कारण बागेला ताण दिलेला होता. फूल एकदम आणि भरपूर यावं म्हणून या दिवसांत संत्र्याचं पाणी तोडतात आणि जमीन टणक होते.

"जमीन ओली असती तं बुढा जिंकला असता का?" शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी जेवताना मधुकर म्हणाला.

"खेळा ना गुमान," वत्सला म्हणाली. "जळून जळून काळे पडले तुमी."

पण संध्याकाळी तो बागेत गेलाच. वरच्या अंगाला असलेल्या शेवटच्या खड्ड्याभोवती थोडा चिखल करावा, एवढाच बेत होता. पाईप टाकून मोटार लावली आणि लाईट गेली. चडफडत तो घरी परतला. मोटारीचा ऑटो बंद करायचं विसरला. रात्री लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू झाली. पाणी उतारानं ओळीओळीत शिरलं आणि सकाळपर्यंत सगळी बाग चिंब झाली.

खेळायला आलेले भैय्याजी बांधावरच थबकले. लोधीखेड्याच्या प्रभाकर मास्तरनं चपला हातात घेतल्या.

"मधुकर, ताण तोडला काय रे?" भैय्याजींनी विचारलं.

खरं सांगावं तर लबाडी उघडी पडणार. मधुकरनं छाती पुढे काढली. "हो. यंदा लवकरच तोडला."

"काऊन?"

"आहे एक हिशोब."

भैय्याजींचा चेहरा उतरला. संत्र्यातलं कळावं तर मधुकरलाच, असं पांढुर्ण्याचे व्यापारीसुद्धा म्हणत, आणि स्वतः बागायतदार असलेल्या भैय्याजींना ते वर्षानुवर्षं सलत होतं. त्यांचा पहिलाच चेंडू चिखलात रुतला. दुसरा फटका त्यांनी मारलाच नाही. प्रभाकरच्या हातात काठी दिली, कानात काहीतरी सांगितलं आणि गाडीला किक मारून निघून गेले.

मधुकर जिंकला. चौथा गडी अनिल, त्याला एरवीही खड्डा सापडत नसे.

"भैय्याजी कुठं गेले?" चहा आणत वत्सलानं विचारलं.

"आपल्या बागेत पाणी सोडाले," प्रभाकर म्हणाला. "म्हणे मधुकरले काही तरी कळलं असन, आपण मागं राहाचं नाही."

मधुकरचा चहा कपबशीतच राहिला. आपली बाग तर हातची गेली होतीच. अर्धवट ताणावर पाणी पडलं की फूल येतं तुरळक. पण आता भैय्याजींचीही जाणार, आणि तीही आपल्या थापेपायी. त्याला फार वाईट वाटलं. वत्सलाला त्यानं सगळं सांगून टाकलं.

"फोन लावा न् खरं सांगा," ती म्हणाली. "कप गेला तं गेला."

त्यानं लावला. "भैय्याजी, मोटार बंद करा. तुमचा चेंडू रुतावा म्हणून पाणी सोडलं होतं मी. मोटार रातभर चालू राह्यली. माहं चुकलं. कप तुमीच ठेवा."

पलीकडे भैय्याजी हसले.

"वा रे मधुकर. मी बी पाणी सोडलं तं पोटात दुखून राहिलं तुह्या? वरून कप बी देऊन राहिला. म्हणजे फायदा लय मोठा असन. थांब, दुसरी मोटार बी लावतो."

फोन कट झाला.

"काय म्हणे?" वत्सलानं विचारलं.

"दुसरी मोटार लावून राह्यले." मधुकर खाटेवर बसला. डोक्याला हात लावून हळूच म्हणाला, "वत्सला, दुसरी मोटार कधी घेतली वं त्याईनं?"