अण्णा पेठ्यांचा भोंगा

“कै. अण्णा पेठे यांना दोनच गोष्टी प्रिय होत्या. एक स्वतःचा आवाज आणि दुसरा तो आवाज दूरवर पोचवणारा भोंगा. माणसांशी बोलण्याचा त्यांना कंटाळा असे. माणसांना ऐकवण्याचा मात्र कधीच नसे.”

हे उद्गार आमच्या सोसायटीचे चिटणीस श्री. मुळे यांनी अण्णांच्या शोकसभेत काढले आणि सभा हसली. शोकसभेत हशा पिकवणे हा वक्तृत्वाचा कळस आहे, अशी मुळ्यांची समजूत आहे. मी आक्षेप घेण्यासाठी उभा राहिलो, तेव्हा “तात्या, बसा हो, चहा येतोय,” असे सांगून मला बसवण्यात आले. मी बसलो, पण गुडघा दुखत होता म्हणून, म्हणणे पटले म्हणून नव्हे. सभेत जे बोलू दिले नाही ते येथे लिहितो.

ज्यांनी अण्णांना पाहिले नाही त्यांना मुळ्यांचे म्हणणे खरे वाटेल, हे मी मान्य करतो. त्यात वरवर पाहता चूक काहीच नाही. अण्णा रस्त्यात भेटले आणि तुम्ही “काय अण्णा, बाजारात वाटतं?” असे विचारलेत, तर ते एक भुवई वर करीत आणि चालू लागत. वाण्याकडे ते बोटाने माल दाखवीत. सोसायटीच्या सभेत त्यांनी हात वर करण्यापलीकडे काही केल्याचे कोणाला आठवत नाही. आणि हाच गृहस्थ रोज सकाळी पडवीत उभा राहून, बॅटरीवरचा भोंगा तोंडाला लावून, साऱ्या आळीला ऐकू जाईल असे पुकारीत असे:

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पडवीहून न्हाणीघराकडे जाणारी आंघोळीची गाडी थोड्याच वेळात सुटत आहे. पाणी कोमट आहे. टॉवेल खुंटीवर आहे.”

पाठोपाठ न्याहारीची गाडी लागे. मग कुकरची: “तीन शिट्ट्या होतील, घाबरण्याचे कारण नाही.” एकदा गणपतीपुळ्याला निघालेले घाटावरचे एक कुटुंब पिशव्यांसह थेट अण्णांच्या अंगणात शिरले आणि पुळ्याची गाडी कोणत्या फलाटाला लागते ते विचारू लागले. अण्णांनी भुवई वर केली. त्या गृहस्थांनी तिचा अर्थ ‘अजून अवकाश आहे’ असा घेतला आणि मंडळी पायरीवर बसून शिदोरी सोडू लागली. त्यांना खरे काय ते मी कुंपणावरून सांगितले. पण सारे खरे मी त्यांनाही सांगितले नाही. हा माणूस मुका आहे की वाचाळ, शिष्ट आहे की हौशी, याविषयी आळीत जितकी घरे तितकी मते होती. आणि माझे मत, एरवी न विचारता देणारा मी, कोणालाच सांगत नसे.

मुळ्यांच्या कथनात इंदू नाही, हा त्याचा पहिला दोष.

इंदू ही अण्णांची धाकटी बहीण, वयाने चाळिशीची. जन्मापासून तिचे शब्द मोजके. त्या काळी अशा सर्वांसाठी आमच्याकडे ‘मतिमंद’ हा एकच शब्द होता. ‘स्वमग्न’ हा दुसरा पुढे ऐकला. आई होती तोवर तिचे सारे आई करीत असे. कोकण रेल्वे मुंबईपासून पुढे सरळ धावू लागली त्याच वर्षी आई गेली, आणि परजिल्ह्यात कोषागारात नोकरी करणारे, अविवाहित अण्णा मुदतीआधीच निवृत्त होऊन रत्नागिरीस परतले. मी त्यांना त्याच्या पुष्कळ आधीपासून ओळखत होतो. कसे, ते शेवटी सांगेन.

आई गेल्यावर इंदूचे बिनसले. कुकरची शिट्टी झाली, दारात पाहुणा उभा राहिला, अंगावर पाण्याचा तांब्या आला, की ती किंकाळी फोडी, चिऱ्याच्या भिंतीवर कपाळ आपटी आणि हाती असेल ती वस्तू विहिरीत भिरकावी. पेठ्यांचा निम्मा संसार त्या विहिरीच्या तळाशी नांदत होता. थोरले बंधू दादा मुंबईत बँकेत अधिकारी. ते आंब्याच्या दिवसांत आले, कपाळावरची पट्टी पाहिली आणि म्हणाले, “अण्णा, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही. माझ्या ओळखीच्या संस्थेत जागा आहे. पुढच्या मेमध्ये येईन. तोवर फरक दिसला नाही, तर इंदूला घेऊन जाईन.”

ती संस्था फार दूरच्या शहरात होती. अण्णांच्या हाती एका आंब्याच्या हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंतचा अवधी होता.

तेव्हा पाटीलबाई आल्या. त्या विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका; मूळच्या कोल्हापूरच्या, आवाज खणखणीत. त्यांच्या विद्येचे नाव ‘सकारात्मक वर्तन आधार’. मी आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेली. वर्तनाला आधार छडीचा, अशी माझी शास्त्रशुद्ध धारणा. म्हणून बाईंच्या पद्धतीचे परीक्षण करण्यासाठी मी रोज पेठ्यांच्या पडवीत जाऊन बसू लागलो. बाईही नुसत्याच बसून असत.

“बाई, उपचार कधी सुरू करणार?”

“सुरू हाईत की.”

“आपण तर केवळ बसून आहात.”

“बघतोय न्हवं! ओरडायच्या आधी काय झालं, ओरडल्यावर काय झालं, हे बघितल्याबिगर कळणार कसं?”

“आणि शिक्षा?”

“कशाची शिक्षा, सर? ती सांगतीय आपल्याला, भीती वाटतीय म्हणून. सांगणाऱ्याला शिक्षा करायची व्हय?”

या प्रश्नाचे सणसणीत उत्तर मी त्याच वेळी देणार होतो, पण बाई पुन्हा इंदूकडे बघू लागल्या होत्या. 

बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. इंदूला एस.टी. स्टँडवर नेले की ती बाकावर दुपारभर शांत बसे. तेथे गर्दी, धूर, कर्णे. भिण्याजोगे सारे होते. पण तेथे प्रत्येक गोष्ट घडण्याआधी कोणीतरी सांगत होते. राजापूरची गाडी लागणार म्हटले की राजापूरची लागे. गुहागरची सुटणार म्हटले की ती सुटे. बाई म्हणाल्या, “घरातबी तिला आधी सांगा. साध्या बोलण्याकडं तिचं ध्यान नसतंय, भोंग्यातनं सांगा.”

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून बाईंकडे पाहिले.

“मग दुसरं कोण? घरात तुम्हीच की!”

भोंगा आला. आरंभीचे काही दिवस त्यातून धड काही बाहेर पडेना. “प्र... प्र...” एवढेच येई, मग खरखर, मग पुन्हा “प्र...”. मुळ्यांनी वायरमन पाठवला. त्याने भोंगा उघडला, फुंकला, मिटला आणि “यात काय बिघाड नाय,” असे सांगून तो गेला. मुळ्यांनी सेल बदलण्याची सूचना केली. अण्णांनी सेल बदलले. फरक पडला नाही. मग अण्णाच इंदूबरोबर स्टँडवर जाऊन बसू लागले; ती बाकावर, हे भोंग्याखाली. आणि एका सकाळी तो आवाज सुरळीत झाला. मात्र तो सरळ बोलत नसे. स्टँडवरच्या त्या ठरावीक चालीत, शब्द लांबवीत, वाक्याच्या शेवटी वर चढत बोले. आळीचे निदान झाले, अण्णांना नकलेचा नाद लागला.

इंदूची किंकाळी कमी झाली, पण थांबेना. कारण सांगितलेली गोष्टही कधी कधी नको असते. यावर बाईंनी भंगारातून कंडक्टरची घंटा आणवली आणि दोरीसह पडवीत टांगली. एक ठोका म्हणजे थांबा. दोन ठोके म्हणजे जाऊ द्या. दोरी इंदूच्या हाती. एक ठोका पडला की घरातला प्रत्येक माणूस, तो कोणीही असो, आहे तेथे थांबणार. आणि किंकाळीऐवजी तिने घंटा दिली की अण्णा तत्काळ पुकारीत, “इंदूताई पेठे यांचे महामंडळ आभारी आहे!” त्यासरशी इंदू दोन्ही हातांनी तोंड झाकून हसे.

मी एकदा पडवीत बसून मुळ्यांच्या कारभाराची चिरफाड करीत होतो. आवाज थोडा चढला असेल. ठण्! एक ठोका.

मी पुढे बोलू लागलो. अण्णांनी भुवई वर केली आणि घंटेकडे बोट दाखवले. संस्थाचालक, शिक्षणाधिकारी, सौभाग्यवती, यांपैकी कोणालाही जे साधले नव्हते ते घडले: मी वाक्याच्या मध्यावर गप्प बसलो. दोन ठोके पडले तेव्हा मी माझा मुद्दा विसरलो होतो. त्या घरात वर्तन नेमके कोणाचे सुधारत होते, हा घोळ माझ्या मनात तेव्हापासून आहे.

मे महिना आला. दादांचा बेत बदलला नव्हता. आदल्या संध्याकाळपासून अण्णा पुकारीत होते की मुंबईहून दादांची एस.टी. दुपारच्या जेवणानंतर येणार. मीही चार घास लवकर उरकून तेथे जाणारच होतो. पण दादा पडले मुंबईकर. त्यांनी नव्या रेल्वेचे तिकीट काढले आणि जेवणाच्या कितीतरी आधी रिक्षातून उतरून फाटक खडखडवले.

“अण्णा! आहेस का रे?”

मी कुंपणापाशी धावलो. इंदू पडवीत उभी, हातात पाण्याचा पितळी पेला. चेहरा आक्रसला. एक हात कपाळाकडे गेला. तिने भिंतीकडे पाहिले, मग विहिरीकडे. अण्णा जागचे हलले नाहीत. वर्षभराचे सारे त्या पेल्यात होते, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

ठण्!

अण्णांनी भोंगा उचलला. “मुंबईहून येणारी गाडी वेळेपूर्वी आलेली आहे. सदर गाडी फाटकाबाहेर थांबवण्यात येत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.”

“अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी दादा! ऊन काय लागतंय बघ!”

“दादा, एक ठोका पडलाय,” मी बजावले. “थांबा.”

“तात्या, तुम्हीसुद्धा?”

“या घंटेवर मी गप्प बसतो. आपण कोण मोठे लागून गेलात?”

दादा थांबले. बँकेचा अधिकारी, हातात बॅग, कातळ तापवणारे मेचे ऊन, मानेवरून घाम ओघळतो आहे. वाटेने मासळीची पाटी घेऊन चाललेली बाई थबकली. “काय वो दादानू, गाडी चुकली काय?” दादांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते इंदूकडे पाहत होते. अण्णांनी आवाज उतरवून पुन्हा पुकारले, “मुंबईची गाडी. दादा आले आहेत. बॅग एक आहे. राहणार आहेत.”

 मग इंदूने दोरी ओढली. ठण् ठण्.

दादा आत येऊन पायरीवर बसले. इंदूने हातातला पेला त्यांच्यापुढे ठेवला. दादा पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि ते म्हणाले, “आंबे पिकलेत का रे?” संस्थेचा विषय त्या वेळी निघाला नाही आणि पुढेही कधी निघाला नाही. परतताना मात्र ते फाटकापाशी रेंगाळले. “अण्णा, माझी गाडी सुटल्याचं सांगणार ना तिला?” अण्णांनी भोंगा उचलला.

पुढे काही वर्षांनी पाटीलबाईंची बदली झाली. त्यानंतर इंदू तापाचे निमित्त होऊन गेली. दुसऱ्या दिवशी आळीत आंघोळीची गाडी सुटली नाही. अनेकांना उठायला उशीर झाला, त्यांत मुळेही होते. अण्णांनी भोंगा खुंटीला लावला तो लावलाच. रस्त्यात पुन्हा ती भुवई. “शिष्टपणा परत आला,” असे मुळे म्हणाले.

मी रोज संध्याकाळी पेठ्यांच्या पडवीत जात राहिलो. बोलायचे काम माझे. अण्णा इंदूच्या जागी, दोरीपाशी बसत. मी फारच तापलो की एक ठोका देत. गप्प बसून राहिलो की दोन. शेवटच्या आजारातही दोनच ठोके अधिक पडत.

आता मुळ्यांचे विधान पुन्हा घेतो: अण्णांना स्वतःचा आवाज प्रिय होता. पुढची गोष्ट अण्णा असेपर्यंत माझ्या तोंडून निघणे शक्य नव्हते. ती सांगायची की नाही हे ठरवणे त्याचे होते, माझे नव्हे. आज तो नाही, आणि मुळे आहेत. म्हणून सांगतो. अण्णा आणि मी शाळेत एका बाकावर बसत होतो. हजेरीला गुरुजींनी नाव घेतले की आम्ही सारे ‘हजर’ म्हणत असू. तो एकटा मुकाट्याने उभा राहत असे, कारण त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडकलेली त्याची जीभ दुसऱ्या अक्षरापर्यंत कधीही पोचत नसे.