बाजेवरचा ऑक्सिजन

कावेरीबाई लातूरहून जवळच्याच मुरुडला निघाल्या होत्या. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. माळवदावरून वाळलेली पातळं उतरवताना त्यांना जरा धाप लागली, एवढंच. पण सून बी.एस्सी. होती.

"आत्याबाई, बसा. ऑक्सिजन बघते."

कोरोनात आणलेलं बोटाचं यंत्र जयानं कपाटातून काढलं. त्यावरची अक्षरं केव्हाच पुसली होती. मोठा आकडा ऑक्सिजनचा, बारका नाडीचा, हे तिला ठाऊक होतं. सासू बाजेवर बसली. जया लेकीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. सासूच्या बाजेवर टेकायचं नाही, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं; पण लग्न होऊन लेक झाली तरी ती कधी टेकली नव्हती.

मोठा लाल आकडा उमटला. शहाऐंशी.

"काय म्हणून राहिलंय मशीन?"

"काही नाही. पण आज मुरुड राहू द्या."

"काही न्हाई, मंग मुरुड कामून ऱ्हाऊ दे?"

तेव्हा जयानं समजावून सांगितलं. काळीज म्हणजे पंप. फुप्फुसातली हवा भरून घ्यायची आणि साऱ्या अंगाला वाटत फिरायचं, हे रक्ताचं काम. "तुमचं रक्त फिरतंय बरोबर, पण पाटी पुरती भरलेली नाही."

तोवर ठणठणीत असलेल्या कावेरीबाईंनी छातीला हात लावला. "तरीच! सकाळधरनं हातपाय गळून राहिलेत."

यंत्र बिघडलं असेल म्हणून जयानं स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. म्हणजे यंत्र ठीक होतं. पुन्हा सासूच्या बोटाला लावलं. शहाऐंशीच.

तिनं नवऱ्याला मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानात फोन केला. आवाज इतका चढला की भिंतीपलीकडच्या मकसूदभाईंनी वेल्डिंग थांबवली आणि ते अख्खा सिलिंडर गडगडत दारात घेऊन आले.

"वहिनी, हे लावा!"

"अहो, हा वेल्डिंगचा आहे!"

"मंग? ऑक्सिजनच हाय ना!"

एवढ्यात 'निघाली का न्हाई' म्हणून विचारायला मुरुडहून कावेरीबाईंच्या बहिणीचा, शिवम्मामावशींचा फोन आला. जयाच्या तोंडून आकडा निसटला. पलीकडे रडारड झाली, पाळण्याच्या फुलांसकट बारसं थांबलं आणि बाळाला घेऊन सगळे जीपमधून लातूरला निघाले.

कावेरीबाईंनी हातातल्या पाटल्या उतरवून जयाच्या ओंजळीत ठेवल्या. "तुझ्या लेकीला ठिव. तू हायस म्हणून कळलं तरी."

जयाचे डोळे भरून आले.

मोंढ्यातल्या गर्दीत अडकलेला किशन पाऊण तासानं धापा टाकत आला आणि आईला खेटून बाजेवर बसला. त्यानं यंत्र लावलं. "अठ्ठ्याण्णव हाय की!"

"शहाऐंशी!" समोरून जया म्हणाली.

"अगं, अठ्ठ्याण्णव!"

"नीट बघा, शहाऐंशी!"

"एकाच बोटात दोन कसे?" मकसूदभाईंनी विचारलं.

जयानं मान वाकडी केली. आणखी वाकडी केली. नऊचे सहा झाले, सहाचे नऊ. नाडीचे एकोणसत्तर तर दोन्हीकडून एकोणसत्तरच. ती आपली समोरून उलटा आकडा वाचत होती.

तिला पंप, फुप्फुस, पाटी, सगळं आठवलं. कान तापले. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, तर कडेवरच्या लेकीनं तो खस्सकन खाली ओढला आणि बोळकं पसरून हसली. मकसूदभाई भिंतीकडं तोंड करून खोकल्यासारखं करत होते. बाहेर जीप थांबली. बाळाचं आणि मावशींचं रडणं एकदमच ऐकू आलं.

जया स्वयंपाकघराकडं पळायला वळली. कावेरीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"कुठं चाललीस? बस हितं."

"बाजेवर?"

"मंग! हितनं आकडा सुलटा दिसतो." त्यांनी तिला शेजारी ओढून बसवलं आणि यंत्र तिच्या बोटाला लावलं. नाडी एकशे बत्तीस. "बघ, काळीज तुझंच पळून राहिलंय. घे सावकाश श्वास."

जयानं सासूच्या खांद्याआड तोंड लपवलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत कावेरीबाई हळूच म्हणाल्या, "शिवम्मा आत यायच्या आत पाटल्या दे माघारी."