सर्वांना परवानगी असलेला सिनेमा

"अगं मार्युत, 'सर्वांना परवानगी' म्हणजे कुणाला अपाय होणार नाही, एवढंच. तो मुलांसाठी काढलाय असं कुठं लिहिलंय? लापशीनंही कुणाचं पोट बिघडत नाही. म्हणून वाढदिवसाला लापशी वाढणारेस का?"

आई फोनवर एवढं बोलली आणि मी 'हो गं, बघते' म्हणून फोन ठेवला. ऐकलं असतं, तर आज हिरविलाम्पीच्या तळ्याकाठी एका म्हाताऱ्याचे डोळे शनिवार आला की रस्त्याला लागले नसते.

पण ऐकतंय कोण? मी पडले बालमानसशास्त्र शिकलेली! सिनेमाच्या वयाच्या पाट्या मला पाढ्यांसारख्या पाठ. पाटीवर मुठीचं चित्र असलं की मारामारी, आठ पायांचा कोळी असला की भीती. तो कोळी दिसला की मी ईरिसला, माझ्या लेकीला, घेऊन पोस्टरसमोरचा फुटपाथसुद्धा बदलायचे. नवरा म्हणायचा, तू खऱ्या कोळ्याला इतकी घाबरत नाहीस.

ईरिसच्या सातव्या वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या मुलींना सिनेमाला न्यायचं ठरलं. गावच्या थिएटरात दोनच सिनेमे होते. एक रंगीबेरंगी, उड्या मारणाऱ्या खारींचा. पण पाटीवर सात आणि शेजारी कोळी. बाद! दुसऱ्यावर सर्वांना परवानगी, ना मूठ ना कोळी, आणि पोस्टरवर तळ्याकाठी बसलेला कुत्रा. कुत्रा आहे म्हणजे मुलांचाच, नाही का? बाकीच्या आयांनी तर चौकशीही केली नाही. मार्युतनं निवडलाय म्हटल्यावर बघायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी फुलून गेले.

सिनेमा सुरू झाला. एक म्हातारा लाकडं फोडू लागला. बराच वेळ फोडली. मग त्यानं कॉफी ठेवली. ती उकळायच्या आत मुलींचे पॉपकॉर्न संपले. मग तो खिडकीबाहेर बघू लागला. कुत्राही बघू लागला. काही दिसलं नाही, दोघांनाही. थिएटरात आमच्याशिवाय एक पिकल्या केसांचं जोडपं होतं, ते सुखानं झोपलं. मी मात्र निश्चिंत. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. सेन्सॉर मंडळाला कात्री लावायला सूतभर जागा नाही!

तेवढ्यात म्हाताऱ्यानं टेबलावर दोन कप मांडले.

"दुसरा कोण येणारेय?" ईरिसच्या शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीनं, आलीसानं कुजबुजत विचारलं.

येईल कुणीतरी, मी म्हटलं. कुणी आलं नाही. कॉफी ओतली, वाफ विरली, बाहेर अंधारलं, सिनेमा संपला, तरी कुणी आलं नाही. आधी आलीसा मुसमुसली, मग ईरिस, मग ओळीनं सगळ्या. बाहेर केकवरची मेणबत्ती पेटवायलाही कुणी तयार होईना. त्या बिचाऱ्याकडे कुणीच नाही, आणि आम्ही केक खायचा?

समजूत घालायला नवरा धावला. यार्कोची समजूत म्हणजे आगीवर रॉकेल. तो म्हणाला, रडू नका, हा माहितीपट आहे, ते खरेखुरे आजोबा आहेत, तावेत्ती नावाचे, इथून तासाभरावर राहतात, अगदी ठणठणीत आहेत.

रडणं खाडकन थांबलं. मग जाऊ या की!

आमच्याकडे न कळवता कुणाच्या दारात जाणं म्हणजे अस्वलाच्या गुहेत शिरण्यासारखं. पण मुलींनी आपापल्या घरी असा काही सत्याग्रह मांडला, की पुढच्या शनिवारी तीन गाड्या, आया, मुली आणि नवा केक अशी वरात तावेत्तींच्या अंगणात उतरली. म्हाताऱ्यानं आम्हाला पाहिलं, आणि अंगणातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, शिरून आतून कडी लावली.

यार्को दाराशी जाऊन खाकरला.

"कोण मेलं?" आतून आवाज आला.

"कुणी नाही. मुली आल्यात."

"कुणाच्या?"

"आमच्याच. सिनेमा पाहून आल्यात, तुमचा."

"मीपण पाहिला तो. झोप लागली मला."

शेवटी आलीसाला राहवेना. दाराच्या फटीला तोंड लावून तिनं विचारलं, आजोबा, दुसरा कप कुणाचा होता?

"त्या सिनेमावाल्या बाईचा. कॅमेऱ्यामागं उभी होती. हजारदा म्हटलं, बाई, निवतेय कॉफी."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. म्हणजे या माणसाला काहीच झालं नव्हतं! तो, त्याचा कुत्रा, त्याची लाकडं. मजेत होता गडी. आणि आम्ही त्याच्या दारात अश्रू आणि केक घेऊन उभे.

पण कडी निघाली. त्यानं केक खाल्ला, मुलींना कुत्र्याशी खेळू दिलं. निघताना तळ्याकडे बघत म्हणाला, शनिवारी मी सहसा घरीच असतो. आमच्याकडच्या माणसानं एवढं बोलणं म्हणजे गळ्यात पडून रडणंच.

आम्ही जात राहिलो. शरद संपेपर्यंत. मग आलीसाचं जिम्नॅस्टिक्स निघालं, दुसरीची घोडेस्वारी, तिसरीला खोकला. रस्त्यावर बर्फ आला. मग यार्कोची बदली समुद्राकाठच्या शहरात झाली. ईरिसला आता खारींचा सिनेमा पाठ आहे, आणि त्या तावेत्तींचं नावही आठवत नाही. मुलांचं हे असंच असतं, ते मी पुस्तकात वाचलेलंही होतं.

हिवाळ्यात मी फोन केला. कसे आहात? बरा आहे. काही हवंय का? काही नको. मग आपणहून म्हणाले, "मुलींसाठी रानातल्या बेरींचा रस आणून ठेवलाय. टिकतो तो. घाई नाही."

आधी तो माणूस नुसता एकटा होता. वाट बघायला आम्ही शिकवलं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल, तर तळ्याच्या टोकाला तांबडं घर आहे, तिथं डोकावाल का? कळवून जाऊ नका, नको म्हणतील. कसे आहात विचारू नका, बरा म्हणतील. धुराड्यातून धूर येतोय ना, एवढं बघा, थोडं बसा, आणि मला सांगा.