शंभर टक्क्यांचा न्यूनगंड

सन चौसष्टच्या वैशाखात शेती विस्तार अधिकारी उकंडराव यांचा हात सही करता करता थांबला. घाटाखालच्या त्या पंचायत समितीत असा प्रकार पूर्वी घडल्याची नोंद नव्हती.

उकंडराव म्हणजे साधी असामी नव्हे. मॅट्रिकला केंद्रात पहिले, शेतकी कॉलेजात पहिल्या वर्गात, आणि कंपोस्ट खड्ड्यांच्या मोहिमेत सलग तीन वर्षे जिल्ह्यात अव्वल. उद्दिष्ट चारशे खड्डे, पूर्ती चारशे बारा. खुर्चीमागच्या भिंतीवर तीन प्रशस्तिपत्रे होती आणि चौथ्यासाठी खिळा ठोकून ठेवलेला होता.

हात थांबायला निमित्त झाले गोजरबाईच्या अर्जाचे. बाईचे चार एकर रान. तिला दोन पोती सल्फेट खताचा परवाना हवा होता. हेडक्लार्क भगवंतरावांनी शेरा मारून ठेवला होता : 'अर्जदाराचे नावे तीन कंपोस्ट खड्डे असल्याने रासायनिक खताची निकड दिसत नाही. नामंजूर.' खाली फक्त सही हवी होती.

"साहेब, माह्या नावाचे खड्डे कुठी हायेत तेवढं दाखवून द्या," गोजरबाई म्हणाली. "शेण पडलं हाय घरी. नेऊन टाकीन त्याच्यात."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर उकंडरावांनी सही ठोकून दिली असती. पण टोमणा नव्हता. ती खरोखरच पत्ता विचारत होती. उकंडरावांनी पेन टेकवले, उचलले आणि बाईला पुढच्या आठवड्यात यायला सांगितले.

त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. चारशे बारा खड्ड्यांपैकी आपण डोळ्यांनी पाहिलेला खड्डा कोणता? एकही आठवेना. मग आपण पहिले आलो ते कशात? चार दिवसांत त्यांना स्वतःच्या मॅट्रिकचाही संशय येऊ लागला.

"हुशार माणसांना हे होतं, उकंडराव," गटविकास अधिकारी वामनराव मायेने म्हणाले. "सामान्य माणसाला कधी स्वतःची शंका येते का? आता मलाच बघा, कधी आली नाही."

उकंडरावांना जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे धाडण्यात आले. डॉक्टरांनी दोन मिनिटे ऐकून घेतले आणि इंग्रजीत निदान लिहून दिले. राज्यकारभार मराठीत आणायचे ते दिवस. भगवंतरावांनी सरकारी शब्दावली उघडून इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्सचा 'न्यूनगंड' केला, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

"न्यून म्हंजे कमी," भगवंतराव म्हणाले. "तुमची पूर्ती एकशे तीन टक्के. शंभराच्या वरच्या माणसाले न्यूनगंड मंजूर कराले नियम नाही, साहेब. उपचार पाह्यजे असन तं आधी कुठीतरी कमी पडून दाखवा."

"कसा पडू? मला सवय नाही."

"मंग खड्डे मोजून या ना."

उकंडराव सायकल घेऊन निघाले. हाती घेतलेले काम तडीस न्यायची खोड असल्यामुळे आठ दिवसांत त्यांनी चौतीस गावे पालथी घातली. मोजणीत खड्डे निघाले नऊ. त्यांतले दोन विहिरीसाठी सुरू करून सोडलेले होते, आणि एकात कुणा तुळशीरामाची म्हैस बसलेली असल्याने खोली मोजता आली नाही.

अहवाल गेला : पूर्ती नऊ. शेकडा सव्वादोन.

वामनरावांनी तो दोनदा वाचला. नऊ मान्य करावेत तर जिल्ह्याचा आकडा पडतो, जिल्ह्याचा पडला की विभागाचा पडतो, आणि विभागाच्या बक्षिसाच्या ढालीवर तर नाव कोरून झाले होते. शेवटी त्यांनी शेरा लिहिला : 'न्यूनगंडाने पीडित इसमास सर्वत्र न्यूनच दिसते. सबब सदर मोजणी आकडा म्हणून न धरता रोगाचे लक्षण म्हणून दप्तरी दाखल करावी. उपचार मंजूर.'

उपचार सोपा होता. रोज सकाळी अकराला उकंडरावांनी खुर्चीत ताठ बसायचे, भगवंतरावांनी प्रशस्तिपत्रे मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक वाक्याला उकंडरावांनी 'हो' म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात हो घशातच अडके. "हाव म्हना साहेब, तेही चालते," असा भगवंतराव धीर देत. दुसऱ्या आठवड्यात हो चहाच्या घोटाबरोबर निघू लागला. तिसऱ्यात भगवंतराव भाच्याच्या लग्नाला गेले, तर उकंडराव स्वतःच वाचत आणि स्वतःच हो म्हणत.

भगवंतराव लग्नाहून परतले आणि गोजरबाई पुन्हा आली, तेव्हा उकंडरावांचा रंग उजळला होता.

"साहेब, पेरनी तोंडावर आली. त्या परवान्याचं काय झालं?"

क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढून ती म्हैस गेली. उठून गेली, एवढेच.

"बाई, तुमच्या नावावर तीन खड्डे आहेत."

"मले तं एकही दिसत नाही."

उकंडरावांनी पेन हाती घेतले. त्यांच्या आवाजात अशी काही करुणा उतरली की भगवंतरावांचेही डोळे पाणावले.

"कधीपासून दिसत नाहीत?"

अर्ज सहीनिशी नामंजूर झाला. बाई मात्र रिकाम्या हाताने गेली नाही. तिचे नाव नव्याने उघडलेल्या रजिस्टरात पहिल्या क्रमांकावर चढले : 'न्यूनगंड, ग्रामीण, स्त्री.' तिने रोज अकराला यायचे आहे. पेरणीमुळे जमणार नाही असे ती म्हणाली, ती तक्रार 'उपचारास विरोध' या सदरात घेतली आहे.

यंदा रुग्णांचे उद्दिष्ट चारशे आहे आणि उकंडराव स्वतः याद्या करत गावोगाव हिंडत आहेत. तुमच्याही गावच्या नावावर एखादा पूल, एखादा दवाखाना, शाळेची दुसरी खोली असेलच. त्यांनी तुम्हाला त्रास दिलेला नाही, कारण इतकी वर्षे तुम्ही त्या रस्त्याने जाता-येता आणि एकदाही काही विचारलेले नाही. तुमच्या नावापुढे त्यांनी न विचारताच 'प्रकृती उत्तम' असे लिहून टाकले आहे.