कॅमेऱ्याची स्क्रीन चालू ठेवणेबाबत

प्रताप नगरातल्या एका गल्लीत गटारलाइन टाकायचे मंजूर झाले, तेव्हा या कामाचे टाइम-लॅप्स चित्रीकरण करावे असे महापालिकेच्या कार्यालयाने ठरवले. कित्येक महिन्यांचे काम नागरिकांना मिनिटभरात झालेले दिसावे, हा उदात्त हेतू होता.

शहरातल्या सदर या भागात स्टुडिओ असलेल्या दीप्तीला हे काम मिळाले. तिने गल्लीतल्याच सिंधूताईंच्या गच्चीवर कॅमेरा बसवला, तो आपोआप झोपी जाण्याची सोय काढून टाकली आणि बॅटरी पुरावी म्हणून मागची स्क्रीन बंद ठेवली. कॅमेरा मुकाट्याने फोटो काढू लागला.

प्रभारी अभियंता मधुकरराव पाहणीला आले. स्क्रीन काळी बघून त्यांनी चित्रीकरण बंद असल्याचे जाहीर केले. स्क्रीन बंद आहे, कॅमेरा चालूच आहे, असे दीप्तीने परोपरीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"दिसून नाही राहिलं, तर चालू कसं म्हणायचं, मॅडम?"

स्क्रीन अखंड आणि पूर्ण ब्राइटनेसवर चालू ठेवण्याचा आदेश निघाला. बॅटरी जेवणाच्या सुट्टीआधीच मान टाकू लागली. फोटोत नसलेले काम झाले असे मानता येत नव्हते, म्हणून कंत्राटदार बॅटरी संपली की मजुरांना घरी पाठवू लागला. खड्डा दुपारपर्यंतच खोल होत गेला.

अशाच एका सकाळी सिंधूताई दूध आणायला निघाल्या, खड्डा ओलांडायला टाकलेल्या फळीवरून घसरल्या आणि थेट आत गेल्या. पायाचे हाड मोडले. कॅमेऱ्याने सगळा प्रसंग स्वच्छ टिपला. मधुकररावांनी चित्रीकरण समाधानकारक असल्याचा शेरा दिला.

मग सिंधूताईंच्याच घरातून कॅमेऱ्याला वीज देण्यात आली आणि बॅटरी वापरायला मनाई झाली. लगेच जेसीबीने गल्लीची केबल तोडली. रहिवाशांनी पलीकडच्या खांबावरून तात्पुरती वीज घेतली, पण शासकीय चित्रीकरणाला तात्पुरती वीज चालत नव्हती. केबल जोडायची तर खोदावे लागणार, खोदायचे तर कॅमेरा चालू हवा आणि कॅमेऱ्याला हवी केबल. काम थांबले.

फिल्म दाखवण्याचा कार्यक्रम मात्र ठरलेला होता. आपल्याकडे फक्त खोदकामाचे फोटो आहेत, असे दीप्तीने कळवले. मधुकररावांनी थोडा विचार केला.

"उलटे लावा."

दीप्तीने कॉम्प्युटर उघडला. पुढचे कामही याच कार्यालयाकडून मिळायचे होते. तिने फोटो उलटे लावले.

सभागृहात गल्ली लोटली. पडद्यावर माती भराभर खड्ड्यात परतली, डांबर जागच्या जागी बसले आणि रस्ता आरशासारखा झाला. टाळ्या थांबेनात. पायाला प्लास्टर घातलेल्या सिंधूताई दीप्तीशेजारी बसल्या होत्या. मध्येच त्या पडद्यावर खड्ड्यातून अलगद वर आल्या आणि पाठमोऱ्या चालत घरात शिरल्या.

"पडली तवा मले कोणी उचललं नाही वं," त्या हळूच म्हणाल्या. "अन् इथं तं मी आपोआपच वर येऊन राहिली."

दीप्तीला त्यांच्याकडे बघवले नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक एकेक करून, फळीवर जपून पाऊल टाकत घरी गेले. फळी ओलांडताना प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, कारण फिल्म ग्रुपवर आली होती आणि ती पुढे पाठवायची होती. तुम्हालाही आली असेल. तुम्ही फिल्मखाली पसंतीचा अंगठा दिलात, त्याबद्दल कार्यालय आपले आभारी आहे.