जांभळ्या वाकळेची पोपटी खोळ

आमच्या विजयसिंहला पिशवीतून बाहेर काढायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. (मी ठरवलेलं सहसा होतही नाही.)

पिशवी म्हणजे लहान मुलांची स्लीपिंग बॅग. माझ्या बायकोच्या, रूपालीच्या, पुण्याच्या मैत्रिणीनं, मोनानं, पहिल्या वाढदिवसाला दिलेली. हात आणि मान बाहेर, बाकी सगळं पोरगं आत, पुढून चेन. पांघरूण लाथाडायचा प्रश्नच नाही. पण विजयसिंह अडीच वर्षांचा झाला आणि पिशवी तेवढीच राहिली. तो गुडघे मुडपून झोपायचा आणि सकाळी पिशवीसकट उभा राहून टुणटुण उड्या मारत स्वयंपाकघरात यायचा. माझे वडील, आण्णा, रोज तेच विचारायचे, "पोरगं हाय का बटाटं? बाजाराला न्यायचंय व्हय रं?"

म्हणून मी म्हणालो, आता याला साधं पांघरूण घेऊ. रूपालीनं लगेच आईला फोन केला आणि सासूबाईंनी नातवासाठी वाकळ शिवायला घेतली. घरची शिवलेली, मऊ, उबदार, चांगली मोठी. विजयसिंह लग्नापर्यंत वापरेल अशी.

वाकळ आली तेव्हा आण्णा सुदैवाने मैदानावर होते. गाठोडं सोडलं आणि मी खालीच बसलो. वाकळ जांभळी होती.

यात खाली बसण्यासारखं काय, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमचं घर शिवाजी पेठेत. आमच्या तालमीचा फुटबॉल संघ पोपटी. माझी सासुरवाडी पलीकडच्या पेठेत, त्यांचा संघ जांभळा. आण्णा वांगं खात नाहीत, ते जांभळं असतं म्हणून. भरलेलं असलं तरी खात नाहीत. आणि सासूबाईंनी वाकळ शिवली होती ती माझा मेहुणा गुंडू याच्या जुन्या जर्सींची. मधोमध त्याचा नऊ नंबर, ताटाएवढा.

त्या नऊ नंबरची आणि माझी जुनी ओळख. मी आमच्या संघात राखीव गोलकीपर होतो. लाजाळू माणसाला ही जागा बरी, कुणी बोलवत नाही. एकदाच बोलावलं, आणि गुंडूनं माझ्या दोन पायांमधून गोल घातला. मग त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं मला घरी चहाला नेलं. चहा रूपालीनं आणला. गोल गेला, बायको आली. (मी फायद्यात आहे, पण पेठेत हे कुणी धरत नाही.)

मी रूपालीला हळूच सुचवलं की वाकळ थोडे दिवस कपाटात ठेवू, निदान यंदाची फुटबॉल स्पर्धा संपेपर्यंत. तिनं माझ्याकडं बघितलं.

"माझ्या आईनं डोळं फोडून टाकं घातल्यात. वाकळ कपाटात गेली, की मी पोराला घिऊन आईकडं गेलो म्हणून समजा."

म्हणजे एकीकडं बायको, दुसरीकडं आण्णा. मी नववीत शाळा सोडली, पण मोटारसायकलची सीट कव्हरं शिवायचं काम मला चांगलं येतं. झाकायचं कसं हे मला कळतं. तालमीच्या झेंड्यांचं उरलेलं पोपटी कापड दुकानात होतंच. मी वाकळेला खोळ शिवली. वरच्या कोपऱ्यात मानेपुरती जागा मोकळी ठेवून बाजूला चेन लावली, सीट कव्हरला लावतो तशी. वरून खाली बंद होणारी, आणि ओढायचा दांडा बाहेरून. झकास बसली.

आण्णांनी पोपटी वाकळ बघितली आणि मला पहिल्यांदाच चहा विचारला.

विजयसिंहला मात्र अंगावरून घ्यायचं पांघरूण म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्यानं खोळीची चेन बघितली, उघडली, आणि सरळ आत शिरला. वाकळ आणि खोळ यांच्या मध्ये. मान बाहेर काढली आणि म्हणाला, "चेन लाव." लावली. झोपला. म्हणजे एका पिशवीतून काढून मी त्याला मोठ्या पिशवीत घातला होता. पण रूपाली खूश, आण्णा खूश, पोरगं गप्प. मी विषय वाढवला नाही.

विषय आण्णांनी वाढवला. नातू तालमीच्या रंगात झोपतो हे त्यांनी तालमीत सांगितलं, आणि रविवारी दुपारी आमचा कप्तान सयाजी अख्खी टीम घेऊन बघायला आला. चपलांनी दार भरलं. विजयसिंह आत झोपला होता, मानेपर्यंत पोपटी.

"ही शिलाई बगा," आण्णा म्हणाले आणि मी पुढं व्हायच्या आत त्यांनी चेन ओढली.

पोरगं जागं झालं, वाकळेला मिठी मारून उठलं आणि वाकळेसकट बाहेर आलं. सगळ्यांच्या समोर नऊ नंबर.

आण्णांनी त्या नंबरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्ये कुणाचं?"

मी चेन परत लावायला वाकलो. उत्तर विजयसिंहनं दिलं.

"मामाचं. मामानं गोल माल्ला."

"कुणाला रं?" सयाजीनं विचारलं.

पोरानं बोट दाखवलं. माझ्याकडं.

तेव्हा मला कळलं. मी दुकान आवरून येईपर्यंत रूपाली त्याला रोज गोष्ट सांगून झोपवते. मी समजत होतो, ससा असेल, कोल्हा असेल. तर गोष्ट ह्या गोलची होती.

सयाजी हसायला लागला. त्यानं विचारलं, गोल कसा मारला? विजयसिंहनं मला हाताला धरून दारात उभं केलं, पाय फाकायला लावले, कोपऱ्यातली जुनी स्लीपिंग बॅग गोळा करून खाली ठेवली आणि लाथ मारली. बॅग माझ्या पायांमधून थेट चपलांत गेली. (मी खरंच अडवायला वाकलो होतो.)

टीमनं शिट्ट्या वाजवल्या. आण्णा उठले. मला वाटलं, आता वाकळ रस्त्यावर. त्यांनी विजयसिंहचा पाय हातात घेतला आणि पिंढरी दाबून बघितली.

"बापावर गेलं न्हाई, बरं झालं," ते सयाजीला म्हणाले. "ह्येला आपल्याकडनंच खेळवायचं. वाकळ ऱ्हाऊ दे. मामाचं पाय आलं तर आपल्यालाच बरं. पर ती खोळ काढ आधी, पोरगं गुदमरंल."

खोळ काढली. आता विजयसिंह शहाण्यासारखा वाकळ अंगावर घेऊन झोपतो, नऊ नंबरवर हात ठेवून. आण्णा अजून वांगं खात नाहीत, पण दुपारी कुणी बघत नसलं की वाकळेचं एक टोक स्वतःच्या पायांवर ओढून घेतात.

पोरगं आमच्या मध्ये झोपतं आणि माझी चादर रोज पायाखाली लोळवतं. थंडी तर पडलेलीच. खोळ वाया कशाला घालवायची म्हणून ती मी घेतली. ऊब चांगली आहे. रूपाली चेन लावून देते. दांडा मात्र बाहेरून, तोही पायाशी, त्यामुळं सकाळी विजयसिंह उठून मला सोडवेपर्यंत माझं दुकान उघडत नाही.