जगतापांची सहा हजार पावलं

आमच्या समोरचे जगताप रोज सहा हजार पावलं चालायचे आणि खुर्चीतून उठायचे नाहीत. ही करामत विश्रांतवाडीत दुसऱ्या कुणाला जमलेली मी पाहिली नाही.

माणूस सिटी बसचा कंडक्टर, आता निवृत्त. मागच्या वर्षी न्यूमोनियाने फुफ्फुसं धरली. अठरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. वाचले, घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मुक्काम ठोकला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज थोडं चाला, नाहीतर पाय जातील आणि पुन्हा इथेच याल. जगताप म्हणायचे, "बत्तीस वर्षं उभ्याने नोकरी केली. आता जागा मिळालीय, सोडत नसतो."

"शेवटचा स्टॉप आला तरी?" मी विचारलं.

"कंडक्टर सांगेल तेव्हा उतरीन."

बंगळूरच्या मुलीने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. बाप किती चालला ते तिला तिकडे फोनवर दिसतं. पहिल्या दिवशी दिसली तीस पावलं. खुर्ची ते संडास. पोर लगेच रजा टाकून निघायच्या गोष्टी करायला लागली. दुसऱ्या दिवशी जगतापांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. "वहिनी, दूध, भाजी, देऊळ तुम्ही फिरताच. हे बांधून जा. फुकट जातात तुमची पावलं."

माझी शाळा चौथीपर्यंत, पण लबाडी कळायला तेवढी पुरते. तरी बांधलं. एकदा येरवड्याला भाचीच्या लग्नाला गेले, रिक्षा मिळेना म्हणून चालत आले. मुलीचा जगतापांना फोन, "बाबा, एवढं कुठे गेला होतात?"

"लग्नाला."

"कोणाच्या?"

नवरीचं नाव मला विचारून ठेवायचं जगतापांचं राहिलं होतं.

मग एक दिवस ते पाण्याला उठलेले मला दिसले. भिंत धरून, पाय लटलटत. पेला हातातून पडला. मी घड्याळ सोडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "उद्यापासून मी घालणार नाही. मेल्यावरही पोरीला माझीच पावलं दाखवणार का?"

रागावले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चाललं की दम लागतो. दम लागला की तिथलं सगळं आठवतं. आणि आकडा कमी दिसला की ती येणार. अठरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होती, वहिनी. शुद्धीवर आलो तेव्हा ओळखू येईना, इतकी वाळली होती. तिला पुन्हा त्या बाकावर बसवायचं नाही मला."

"मग उठा," मी म्हटलं. "तुम्ही असेच बसलात तर तिला तिथेच बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनगटाला घड्याळ बांधून दारात उभे. पॅसेजमधून पुढे ते, मागे मी प्लास्टिकचं स्टूल घेऊन. दम लागला की स्टूल मांडायचं आणि मी भिंतीवरचे विजेचे मीटर वाचत उभं राहायचं. माणसाला धापा टाकताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन. जगतापांनी स्पीकर लावला. "बाबा, आज एकशे दहाच? घड्याळ बिघडलं का?"

जगतापांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही बाळ. आजची माझी आहेत. आधीची समोरच्या वहिनींची."

पलीकडून तिने हळूच विचारलं, "दम लागला का फार?"

"लागला. चारदा बसलो," ते म्हणाले. "चारदा उठलो."